मोठ्याने केलेली प्रार्थना

भिंतीपलीकडे कुकरचं झाकण आपटलं की नम्रता आधी लेकीचा कान झाकायची. रूथ तिच्या मांडीवर दूध पीत असायची, डोळे मिटून, एक मूठ आईच्या गाउनच्या गळ्यात घट्ट रुतवून. एक कान आईच्या छातीशी दाबलेला आणि दुसऱ्यावर आईचा तळहात. एवढ्याशा जिवाला आवाजापासून वाचवायला एक हात पुरायचा. पलीकडच्या बाईला किती हात लागले असते, देव जाणे.

त्या आवाजांची भाषा नम्रताला आता येऊ लागली होती. झाकण आपटलं म्हणजे भाजीत काहीतरी बिघडलं. स्टूल सरकलं म्हणजे तो उठला. मग सलोनीचं "नाही ना, नाही ना" आणि त्यामागून ओल्या गोधडीवर धोपटणं मारावं तसा बद्द आवाज. शेवटी टीव्ही मोठा व्हायचा. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो टीव्ही मोठा करायचा, म्हणजे मारताना त्याचं भान शाबूत असायचं. नम्रताला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

कर्वेनगरच्या आतल्या गल्लीतली जुनी तीनमजली इमारत. मधल्या मजल्यावर एका गॅलरीत तीन घरं. टोकाला एकट्या राहणाऱ्या श्यामलाकाकू, मधे संभाजी आणि सलोनी, आणि जिन्यालगत लोंढे. लोंढ्यांच्या घरात नम्रता, तिचा नवरा तेजस, तान्ही रूथ आणि सासूबाई मार्थाबाई. मार्थाबाईंचा डावा कान तरुणपणी तापात गेला होता आणि उजवाही आता थकला होता. त्यामुळे त्या बोलत तेव्हा खालच्या किराणावाल्यालाही आपल्याला हाक मारल्यासारखं वाटे.

तेजसने सुरुवातीला एकदा पलीकडचं दार वाजवलं होतं. संभाजीने हसतच दार उघडलं. घाम पुसत म्हणाला, "काय हो लोंढे, तुम्ही तुमच्या घरात गाणी म्हणता तेव्हा मी येतो का टाळ्या वाजवायला?" त्यानंतर तेजस पुन्हा गेला नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासून घरी आलेला तो साधा माणूस. "आपण प्रार्थना करू, नमू," म्हणायचा. "उद्या याच गॅलरीतून आपल्याला जायचंय-यायचंय."

प्रार्थना नम्रताही करायची. पण सलोनी दारात येऊन "ताई, कढीपत्ता आहे का?" म्हणायची, तेव्हा तिच्या सुजलेल्या ओठाला प्रार्थनेपेक्षा बर्फ जास्त लागायचा. नम्रता फडक्यात बर्फ बांधून द्यायची, गरम भाताचं ताट वाढायची आणि काही विचारायची नाही. सलोनी रूथला मांडीवर घेऊन बसायची. मूल नव्हतं तिला. एक राहिलं होतं, तेही त्याच्या लाथेने गेलं, असं तिने एकदा रूथचे पाय चोळता चोळता सांगितलं, आज भाजीला काय केलं ते सांगावं तशा आवाजात.

"तुमच्यात नाही ना ताई, बायकांना मारत?" तिने एकदा विचारलं.

"मारतात की," नम्रता म्हणाली. "आधी प्रार्थना करून मारतात, एवढाच काय तो फरक."

सलोनी हसली. ओठ पुन्हा फाटला, रक्त आलं, तरी हसत राहिली. त्या दिवशी दोघींची मैत्री झाली.

मग दोघींनी मिळून बेत केला. सलोनीचा भाऊ नागोराव बार्शीला होता. त्याला नम्रताच्या फोनवरून फोन गेला. संभाजी शिवणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि या आठवड्यात त्याची दुपारपाळी होती. शनिवारी तो कामावर गेला की सलोनीने रिक्षा करून स्वारगेट गाठायचं. भाऊ तिथे स्टँडवर थांबणार होता. सामान एकदम हललं तर त्याच्या लक्षात येईल, म्हणून सलोनी रोज एकेक वस्तू रूथच्या लंगोटांच्या बादलीत घालून अलीकडे आणायची. कधी साडी, कधी स्वेटर, कधी आईने दिलेली चांदीची वाटी. नम्रता ते सगळं रूथच्या पाळण्यात, गादीखाली ठेवायची. पोरगी एका बाईच्या अख्ख्या संसारावर निजायची.

शुक्रवारी संध्याकाळी लोंढ्यांकडे घरसभा, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, होती. तेजस अजून लॅबमधून यायचा होता. चर्चच्या मंडळीतली दहाबारा माणसं चपला गॅलरीत काढून सतरंजीवर बसली. मंडळीचे वडीलधारे रंगरावकाका खुर्चीत. गीतं झाली, बायबलमधलं वचन झालं आणि मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने आपली विनंती सांगायची वेळ आली. कुणी आपली विनंती सांगायची आणि शेजारी बसलेल्याने ती मोठ्याने देवापुढे मांडायची, अशी या घरसभेची पद्धत. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू. नम्रताने ठरवलं होतं की आज गप्प बसायचं.

"नम्रता, तुझं काय गं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? दोन दिवस जेवत नाहीयेस."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नम्रताने रूथला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "एका बहिणीसाठी," ती हळू म्हणाली.

"बहिणीला नाव नाही का? देवाला मोघम सांगू नये, बाई. नाव घेऊन मागावं, काय हवं ते नेमकं मागावं. मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आले."

हे खरंच होतं. मार्थाबाईंनी तेजसची नोकरी, रूथचा जन्म, गळणारी टाकी, सगळं नाव घेऊन, नेमकं मागितलं होतं आणि त्यांच्या मते नेमकंच मिळालं होतं. नम्रताला त्या श्रद्धेचा मोह पडला. दोन दिवस घशात अडकलेली भीती कुणाच्या तरी ओंजळीत टाकावीशी वाटली. ती सासूच्या उजव्या कानाशी वाकली आणि तिने सगळं सांगितलं.

मार्थाबाईंनी डोळे मिटले, हात पसरले आणि उभं राहून प्रार्थना सुरू केली.

"हे दयाळू पित्या! आमच्या शेजारची सलोनी तुझ्यापुढे आणतो! त्या मारकुट्या माणसाच्या हातून तिला सोडव, प्रभू! उद्या तो कामावर गेला की ती घर सोडून निघतेय. तिचा रस्ता मोकळा कर! स्वारगेटला तिचा भाऊ उभा असेल, त्याला वेळेवर पोचव..."

"आई," नम्रता पुटपुटली. "आई, हळू." तिने सासूचा पदर ओढला. मार्थाबाईंना तो पवित्र आत्म्याचा स्पर्श वाटला असावा. आवाज आणखी चढला. खोलीतली माणसं "होय प्रभू, होय प्रभू" म्हणू लागली.

आणि त्या गजरात नम्रताला पलीकडचा टीव्ही बंद झालेला ऐकू आला.

टीव्ही? या वेळेला? सलोनी एकटी असताना तो कधीच लावायची नाही. तो घरी होता. वर्कशॉपमधली वीज गेली म्हणून त्या दिवशी सगळ्यांना लवकर सोडलं होतं, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की भिंतीच्या पलीकडे एक माणूस रिमोट ठेवून, मान वळवून, तिच्या सासूची प्रार्थना शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतोय.

"आमेन," सगळे म्हणाले.

स्टूल सरकलं.

पहिल्या किंकाळीला नम्रताने रूथला सासूच्या हातात दिलं आणि ती दाराकडे धावली. रंगरावकाका खुर्चीतून अर्धवट उठले. "थांब पोरी. असं एकदम जाऊ नये. आधी आपण सगळे मिळून प्रार्थना करू."

"झाली काका प्रार्थना," ती म्हणाली. "पलीकडे ऐकूही गेली."

पलीकडच्या दाराला आतून कडी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी. जाळीतून तिला दिसलं. संभाजीने सलोनीची वेणी मनगटाभोवती गुंडाळली होती आणि तो तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटत होता, सावकाश, नारळ वाढवताना आधी अंदाज घ्यावा तसा. "जातेस? जातेस होय? देवालापण कळवलंस? मला तेवढं सांगायचं राहिलं?" ओट्याच्या पांढऱ्या फरशीवरून रक्त खाली मोरीकडे निघालं होतं.

"संभाजीभाऊ, दार उघडा! सोडा तिला!" नम्रताने दोन्ही हातांनी दार बडवलं.

"अगं, हळदीकुंकवाचं बोलावणं आहे का, असं दार वाजवायला?" मागून श्यामलाकाकूंचा आवाज आला. पातळ खोचलेलं, हातात पाट्यावरचा वरवंटा. "सरक. मी पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत ही मरेल." आणि त्या सत्तरीच्या बाईने वरवंटा दोन्ही हातांनी उचलून कडीच्या जागी घातला. तिसऱ्या घावाला खिळे निघाले. दार आत कोसळल्यासारखं उघडलं.

नम्रताने त्याचा शर्ट मागून धरला. त्याने न बघताच कोपर मारलं. ते तिच्या छातीत बसलं, दुधाने भरलेल्या छातीत, आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. ती उंबऱ्यावर पडली. उजव्या मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. वर बघितलं तेव्हा सलोनी जमिनीवर होती, संभाजीचा गुडघा तिच्या छातीवर आणि दोन्ही हात गळ्यावर. सलोनीच्या टाचा फरशीवर घासत होत्या. मग टाचा थांबल्या.

वरवंटा तिथेच पडला होता. नम्रताने तो डाव्या हाताने उचलला. तेवढा जड दगड डाव्या हाताने कसा उचलला, ते पुढे तिलाही सांगता आलं नाही. तिने तो त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडलं. त्याचे हात सुटले, तो गुरासारखा ओरडला आणि भिंतीला टेकून खाली बसला. सलोनीच्या छातीत हवा शिरल्याचा एक भयानक, खरखरीत आवाज आला. श्यामलाकाकू तिच्यावर वाकल्या.

संभाजीने मोडका हात पोटाशी धरला होता. त्याने वर पाहिलं. चेहरा एकदम शाळकरी पोरासारखा झाला होता. "वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, नका."

नम्रताने पुन्हा मारलं. खांद्यावर.

मग पोलीस आले, रुग्णवाहिका आली, गॅलरीत अख्खी गल्ली जमली. घरसभेची माणसं चपला शोधत जिन्यातून खाली गेली. मार्थाबाई तेवढ्या रूथला पोटाशी धरून दारात उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

सलोनी जगली. कपाळाला टाके, गळ्यावर बोटांचे काळे वळ. दुसऱ्या दिवशी नागोराव हॉस्पिटलात आला आणि बहिणीच्या खाटेच्या पायथ्याशी, स्टुलावर न बसता, जमिनीवर बसून राहिला. नम्रताचा हात प्लास्टरमध्ये. सलोनीने तिला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, कुजबुजच होती.

"ताई, मी जबाब दिलाय. पण तो म्हणेल बायको पडली, शेजारणीने उगाच येऊन मला मारलं. तो सुटला ना, तर बार्शीला येईल. तिथे माझी आई आहे."

रविवारी उपासनेनंतर रंगरावकाका घरी आले. चहा घेतला नाही. टोपी हातात फिरवत बसले.

"संभाजीचा भाऊ भेटला मला," ते तेजसला म्हणाले, नम्रताकडे न बघता. "त्यांचं म्हणणं, तुम्ही काही बोलू नका, आम्हीही काही बोलत नाही. नवराबायकोचं भांडण म्हणून मिटून जाईल. नाहीतर हिच्यावर केस टाकतील. माणसाचा हात निकामी केलाय म्हणतात. अंगावर पिणारं पोर आहे, विचार करा."

तेजस खाली बघत होता. नम्रताला त्याचा राग आला नाही. चौकीतल्या बाकड्यावर रूथशिवाय बसलेली, दुधाने ठणकणारी अशी ती स्वतःला दिसत होती.

"शिवाय," काका मऊ आवाजात म्हणाले, "आपण दुसरा गाल पुढे करणारी माणसं. प्रभूने हातात दगड घ्यायला शिकवलेलं नाही."

"माझा गाल असता तर मी केला असता पुढे, काका," नम्रता म्हणाली. "निदान प्रयत्न केला असता. पण गाल तिचा होता. तिचा गाल पुढे करणारी मी कोण?"

"तू लहान आहेस. क्षमा..."

"रंगराव." मार्थाबाई शुक्रवारपासून जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. आता बोलल्या, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, हळू. "माझा कान कशाने गेला?"

काकांची टोपी थांबली.

"तापाने ना? सगळ्यांना मी तेच सांगितलंय. या पोरालाही." त्यांनी तेजसकडे हात केला. "तुम्ही तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचात. तुम्हाला त्या तापाचं नाव ठाऊक आहे. सकाळी यायचात, यांच्याबरोबर प्रार्थना करायचात आणि मला म्हणायचात, सोसून घे, मार्थाबाई."

तेजस आईकडे पाहत राहिला. बापाचा फोटो त्याच्या डोक्यावर भिंतीवर होता. तिकडे बघायचं त्याला धैर्य झालं नाही.

"त्या कानामुळे मी ओरडते," मार्थाबाई म्हणाल्या. "मी ओरडले म्हणून त्या पोरीचं कपाळ फुटलं. आता कुणी मला हळू बोला, गप्प बसा असं सांगू नका. नम्रता, साडी बदल, चौकीवर जायचंय. मी पोरीला घेऊन खाली थांबते. भूक लागली की वर पाठवीन."

तेजस उठला. त्याने बायकोच्या पायात चपला सरकवल्या, कारण तिला एका हाताने पट्टा लावता येत नव्हता. "मीही येतो," तो म्हणाला.

चौकी पहिल्या मजल्यावर होती. खाली वडाखाली मार्थाबाई रूथला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ तेजस. श्यामलाकाकू नम्रताबरोबर वर आल्या. त्यांचा जबाब आधीच झाला होता, पण "हिला एकटीला गुंडाळतील" म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्याच. हवालदार वयस्क, चष्मेवाले, थकलेले.

"तर तुम्ही आत गेलात. तो गळा दाबत होता. तुम्ही वरवंट्याने एकदा मारलंत. बरोबर?"

"बरोबर," काकू म्हणाल्या. "मी तिथेच होते."

"काकू, जबाब यांचा आहे का तुमचा?"

"माझा वरवंटा आहे."

नम्रता टेबलाच्या कडेकडे बघत होती. दुसरा घाव कुणी पाहिला नव्हता. काकू तेव्हा सलोनीवर वाकलेल्या होत्या. संभाजी सांगेल, पण त्याचं कोण ऐकणार? एका शब्दाने सगळं सुटसुटीत होणार होतं. तिचं पोर तिच्याकडे राहणार होतं. आणि तरीही तो शब्द ओठावर येईना. सलोनी इतकी वर्षं सगळ्यांना "घसरले" म्हणत आली होती. सासूबाई "ताप" म्हणत आल्या होत्या. या दोन्ही घरांतली प्रत्येक गोष्ट आजवर एक तुकडा कापूनच सांगितली गेली होती, आणि तो तुकडा नेहमी कुणाला तरी वाचवण्यासाठीच कापलेला असायचा.

"दोनदा," ती म्हणाली.

हवालदारांचं पेन थांबलं.

"अगं ए," काकू म्हणाल्या, "तुला कुणी विचारलंय का?"

"ताई," हवालदार हळू म्हणाले, "एकदा म्हटलं की तुम्ही जीव वाचवला. दोनदा म्हटलं की वकील तुम्हाला सोडणार नाही. नीट आठवा."

"नीट आठवतंय. पहिला तिला सोडवायला. तेव्हा तो तिला मारून टाकत होता, ते मी बघितलं, आणि पुन्हा तसं बघितलं तर पुन्हा मारीन. दुसरा नको होता. तो 'वहिनी, नका' म्हणाला आणि तरी मी मारला. रागाने." तिने टेबलाच्या कडेवरची नजर उचलली. "त्याची जी काय शिक्षा असेल ती मी घेईन. लिहा."

हवालदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काकूंनी खिडकीबाहेर बघत पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बावळट आहे पोरगी. पण हिचा शब्द आता कोर्टात कुणाला मोडता येणार नाही, एवढं लिहून ठेवा."

"ते मी नाही लिहू शकत, काकू."

"मग ऐकून ठेवा."

खाली रूथ रडायला लागली. भुकेचं रडणं. नम्रताच्या छातीत कळ आली आणि ब्लाउज पुढून ओला झाला. तिने प्लास्टरचा हात पदराखाली घेतला.

"माझे दोन झाले," ती म्हणाली. "आता त्याचे. आम्ही त्या घरात राहायला आलो तेव्हापासूनचे. मी भिंतीपलीकडून ऐकलेले, तिच्या अंगावर बघितलेले. त्यातला एकही वगळायचा नाही."

"खूप वेळ लागेल, ताई. बाळ रडतंय. आधी त्याला पाजून या. घाई नाही काही."

"तिला वर बोलवा," नम्रता म्हणाली. "मी पाजता पाजता सांगते."